वाफेवर धावणाऱ्या छोट्या गाडीसाठी घाट कसा बांधतात

दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या कोणालाही या विषयाचा निम्मा भाग आधीच ठाऊक असतो. विटा आणि दगड रचून उंचवटा करायचा, त्यावर ओले गोणपाट टाकायचे, गोणपाटावर चिखलाचा हात फिरवायचा, तो सुकत आला की अळीव किंवा मोहरी पेरायची आणि हिरवळ उगवली की मावळे मांडायचे. बंदिस्त खोलीतल्या किंवा सभागृहातल्या मॉडेल रेल्वेभोवती जो भूप्रदेश उभा केला जातो, त्याची कृती मुळात हीच आहे. मात्र गाडी मोठ्या प्रमाणातली असेल आणि ती विजेऐवजी खऱ्या वाफेवर धावत असेल, तर या कृतीतला जवळजवळ प्रत्येक टप्पा बदलावा लागतो. प्रमाण मोठे असल्यामुळे पाहणाऱ्याची नजर फार जवळून पडते आणि दृश्याला खोली फार थोडी मिळते, तर वाफेमुळे उष्णता, पाणी आणि तेल या तीन गोष्टी दर फेरीला त्या डोंगरावर सांडत राहतात.

उदाहरण म्हणून नेरळ–माथेरान रेल्वे घेऊ. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारलेला हा मार्ग १९०४ ते १९०७ या काळात बांधला गेला. त्याच्या दोन रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर आहे आणि त्यावर सुरुवातीला जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याने बनवलेली चार वाफेची इंजिने धावत असत. त्या इंजिनांच्या पुढच्या आणि मागच्या आसांना किंचित आडवे सरकण्याची आणि वळण्याची मुभा होती, त्यामुळे घाटातली अरुंद वळणे त्यांना घेता येत. हे उदाहरण निवडण्यामागे माथेरानची ओढ आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, पण त्याहून मोठे कारण गणिताचे आहे.

मॉडेल रेल्वेत गेज आणि स्केल हे दोन शब्द नेहमी एकमेकांत मिसळले जातात. गेज म्हणजे छोट्या रुळांमधले प्रत्यक्ष अंतर, तर स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत छोटी वस्तू किती पट लहान आहे याचे प्रमाण. ब्रिटनमधल्या अरुंद मार्गांच्या हौशी मंडळींनी एका फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण रूढ केले. म्हणजे मॉडेल खऱ्याच्या सुमारे १९ पट लहान. या हिशेबाने दोन फुटांचा मार्ग बरोबर ३२ मिलिमीटरचा होतो आणि ३२ मिलिमीटरचे रूळ तर मॉडेलच्या बाजारात फार जुन्या काळापासून मिळतात, कारण ४३ ते ४८ पट लहान असलेल्या गाड्यांसाठी तेच रूळ मोठ्या लोहमार्गाचे (स्टँडर्ड गेजचे) रूळ म्हणून वापरले जातात. रूळ तेच राहतात. त्यांच्या शेजारी तीन-चार सेंटिमीटरचा माणूस उभा केला की तो मोठा लोहमार्ग ठरतो आणि नऊ सेंटिमीटरचा माणूस उभा केला की तोच माथेरानचा होतो. थोडक्यात, गाडी कोणत्या प्रमाणातली आहे हे पाहणाऱ्याला रुळांपेक्षा भोवतालचा देखावाच सांगतो.

आता हेच १९ चे प्रमाण जमिनीला लावून पाहावे. नेरळ ते माथेरान हे अंतर सुमारे २० किलोमीटर आहे आणि चढ सुमारे साडेसातशे मीटर. दोन्हींना १९ ने भागले, तर एक किलोमीटरहून लांब मार्ग आणि बारा-तेरा मजली इमारतीएवढा डोंगर हातात येतो. दहा मीटर लांबीचे सभागृह मिळाले, तर त्यात खऱ्या मार्गाचे जेमतेम १९० मीटर मावतात. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या ८७ पट लहान आहेत. त्या प्रमाणात तेवढ्याच लांबीत पावणेनऊशे मीटरचा प्रदेश बसतो, म्हणून तिथे शहर, पूल आणि यार्ड एका नजरेत दाखवता येतात. मोठ्या प्रमाणात हे साधत नाही. त्यातही लांबीपेक्षा खोलीचा प्रश्न अवघड असतो. रुळाच्या मागे हात पोहोचेल इतकी, म्हणजे साठ सेंटिमीटर जागा ठेवली, तर ती खऱ्या जगातली फक्त साडेअकरा मीटर होते. साडेअकरा मीटरमध्ये दरी, पठार आणि क्षितिजावरची डोंगररांग कोंबण्याचा प्रयत्न केला, की नाटकातल्या पडद्यासमोर गाडी उभी केल्यासारखे दिसते.

म्हणून पहिला निर्णय घ्यावा लागतो तो पाहणारा कुठे उभा राहील याचा. घाटातल्या मार्गाला एका अंगाला कापलेला डोंगर असतो आणि दुसऱ्या अंगाला उतरती दरी. पाहणाऱ्याला दरीच्या बाजूला उभे केले, तर रुळामागची साडेअकरा मीटर जागा अगदी पुरेशी ठरते, कारण खऱ्या घाटातही रुळाच्या मागे तेवढ्या अंतरावर कापलेला कडा आणि त्यावरची झाडीच दिसते. त्यापलीकडचे काहीच दिसत नाही. दूरचे आकाश रंगवावे लागत नाही. माथेरानचा विषय निघाला की अनेकांना गाडीच्या मागे प्रबळगड हवासा वाटतो, पण प्रबळगड माथेरानच्या पश्चिमेकडच्या अंगाला आहे आणि गाडी नेरळकडून, म्हणजे ईशान्येकडून वर येते, तेव्हा तो मोह सोडलेला बरा. दरीच्या बाजूने पाहण्याचा आणखी एक लाभ असा की इंजिन चालवणाऱ्याचा हातही त्याच बाजूने येतो. वाफेच्या छोट्या इंजिनाला वाफेचा झडप उघडण्यासाठी, गॅस कमी-जास्त करण्यासाठी आणि कधी नुसते ढकलण्यासाठीही हात लावावा लागतो, त्यामुळे रूळ आणि चालक यांच्यामध्ये उंच झाड किंवा कडा आला, तर चटका ठरलेलाच.

दुसरा निर्णय चढाचा. खऱ्या मार्गावर वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ, असा तीव्र उतार आहे. मॉडेलमध्ये तो तसाच उतरवावा असे कोणालाही वाटेल, पण वाफेच्या इंजिनाला ते मानवत नाही. रेडिओ नियंत्रण नसलेल्या साध्या इंजिनाचा झडप एकदा एका जागी ठेवला की तो तसाच राहतो. चढ आला की गाडी दमते आणि उतार आला की बेफाम सुटते. बाष्पकाच्या, म्हणजे बॉयलरच्या, आतल्या पाण्याचेही तसेच. वीस सेंटिमीटर लांबीच्या बाष्पकात विसात एक चढावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याच्या पातळीत एक सेंटिमीटरचा फरक पडतो आणि ज्या बाष्पकाचा व्यास पाच-सहा सेंटिमीटर असतो, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. म्हणून अनुभवी मंडळी रूळ शक्यतो पाणसळीत ठेवतात आणि चढाचा भास जमिनीकडून घडवून आणतात.

हा भास घडवणे आपल्या डोंगरात सोपे जाते, कारण सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे आणि ते थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे असतात. कड्यावरच्या आडव्या रेषा पाहण्याची आपल्या डोळ्याला इतकी सवय झालेली आहे की तो त्यांनाच पाणसळ मानतो. मॉडेलमधल्या कड्याचे थर गाडीच्या दिशेने किंचित, म्हणजे एक ते दीड अंशाने खाली कलते कोरले, तर पूर्ण सपाट रुळावरची गाडी चढताना दिसते. कल याहून जास्त झाला की लबाडी उघडी पडते, आणि शेजारी एखादे घर किंवा पाण्याचे डबके ठेवले तरीही ती उघडी पडते, कारण ते आडवेच ठेवावे लागतात. याच्या जोडीला रुळाखालची दरी एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला हातभर खोल करावी. मला स्वतःला या साऱ्या कामातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे पैसे लागत नाहीत, फक्त सह्याद्री नीट पाहिलेला असावा लागतो.

दरी खाली उतरवायची, म्हणजे टेबलासारखा सलग पृष्ठभाग चालत नाही. टेबलावर डोंगर वर रचता येतो, पण दरी खोदता येत नाही. त्यामुळे लाकडी चौकटीचा उघडा सांगाडा करतात, जमिनीपासून १०५ ते ११० सेंटिमीटर उंचीवर खुंट्यांच्या आधाराने फक्त रुळाखालची प्लायवुडची पट्टी बसवतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना डोंगराचा आडवा छेद कापलेल्या प्लायवुडच्या फळ्या फूट-दीड फुटावर उभ्या करतात. या फळ्यांवर बांधकामावरची बारीक तारेची जाळी ठोकली की डोंगराचे अंग तयार होते. प्लायवुड पाण्याला टिकणारे, मरीन प्रतीचेच घ्यावे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, स्वस्त आणि गुळगुळीत असते, पण वाफेच्या दमटपणाने त्याच्या कडा फुगतात आणि रुळाची पट्टी एकदा फुगली की तिच्यावरून गाडी सरळ जात नाही.

जाळीवर काय चढवायचे, हे ठरवण्याआधी इंजिन नेमके काय करते ते समजून घ्यायला हवे. या प्रमाणातल्या बहुतेक इंजिनांत तांब्याचा बाष्पक असतो, तो ब्युटेनसारख्या गॅसवर तापतो आणि त्यात दर चौरस इंचाला साधारण ४० पौंडांचा, म्हणजे पावणेतीन बारच्या आसपासचा दाब धरला जातो. या दाबाला आतले पाणी आणि वाफ सुमारे १४० अंश सेल्सिअसला असतात. सिलिंडरना वंगण मिळावे म्हणून वाफेत जाड तेल मिसळत राहते. गाडी सुरू होताना सिलिंडर थंड असतात, त्यामुळे पहिली वाफ लगेच पाणी होते आणि ते गरम, तेलकट पाणी धुराड्यातून थुंकल्यासारखे उडते. पुढे गाडी धावू लागली की थुंकणे कमी होते, पण तेलाचे सूक्ष्म थेंब पडत राहतात. नवे इंजिन आणल्यावर देखावा बांधण्याआधी रुळाच्या दोन्ही बाजूंना जुनी वर्तमानपत्रे अंथरून दहा-बारा फेऱ्या माराव्यात. कागदावरचे डाग पाहिले की कोणत्या वळणावर आणि कोणत्या थांब्यावर काय पडते याचा नकाशाच मिळतो. डाग सर्वांत दाट असतात ते गाडी जिथून सुटते तिथे.

यावरून सामग्रीचे नियम आपोआप ठरतात. थर्माकोल हलका आणि स्वस्त असतो, कापायला सोपा जातो आणि छोट्या विजेच्या गाड्यांसाठी तो सर्रास वापरला जातो, पण तो शंभर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि पेटला तर काळा धूर सोडत जळतो, म्हणून वाफेच्या गाडीजवळ त्याला जागा नाही. कागदाचा लगदा दमट हवेत ओलावा धरतो आणि त्याला बुरशी येते. आपण ज्याला सरसकट फेव्हिकॉल म्हणतो तो लाकडाचा साधा पांढरा गोंद सुकल्यावरही वरचेवर ओला झाला की मऊ पडतो, त्यामुळे रुळाजवळ त्याचा जलरोधक प्रकारच वापरावा. उरते ते प्लास्टर, गोणपाट आणि सिमेंट. कृतीने आपण पुन्हा दिवाळीच्या किल्ल्याकडेच येतो; चिखलाच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस येते एवढेच. पातळ प्लास्टरमध्ये बुडवलेले गोणपाटाचे किंवा जाळीदार कापडाचे तुकडे एकावर एक चढवत गेले, तर तीन-चार मिलिमीटर जाडीचे कवच पुरते. याहून जाड करण्याचा मोह टाळावा, कारण एक सेंटिमीटर जाडीच्या प्लास्टरचे वजन दर चौरस मीटरला दहा किलोहून अधिक भरते आणि दहा चौरस मीटरचा डोंगर मग शंभर किलोंच्या वर जातो. सिमेंट आणखी जड असते, म्हणून ते फक्त रुळालगतच्या वीतभर पट्ट्यात आणि बोगद्याच्या छतावर ठेवावे.

प्लास्टरविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण कड्याचे सारे रूप त्यावर अवलंबून असते. जिप्सम हे खनिज सुमारे दीडशे अंशांना भाजले की त्यातले तीन चतुर्थांश स्फटिकजल निघून जाते आणि उरते ती पांढरी भुकटी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी मिसळले की ती आपले गमावलेले पाणी परत घेते आणि पुन्हा घट्ट जिप्सम होते. हा बदल काही मिनिटांतच घडतो, म्हणून एका वेळी वाटीभरच कालवावे. कोरण्यासाठी जास्त वेळ हवा असेल तर पाण्यात लिंबाच्या रसाचे थोडे थेंब टाकावेत, कारण त्यातले आम्ल घट्ट होण्याची क्रिया लांबवते. मीठ नेमके उलट करते. गणपतीच्या मूर्ती साच्यातून काढणाऱ्या पेणच्या कारागिरांना रबरी साचा आणि प्लास्टर यांचे नाते सांगण्याची गरज नाही. खडकासाठीही तीच युक्ती चालते. एखाद्या खऱ्या दगडावर पातळ रबराचे थर चढवून साचा करायचा आणि त्यातून हवे तितके खडक ओतायचे. मात्र मोठ्या प्रमाणात एकच साचा पुन्हा वापरला तर डोळ्याला लगेच ओळखू येतो, म्हणून साच्यातले खडक फक्त दरड कोसळलेल्या ठिकाणच्या सुट्या धोंड्यांसाठी ठेवावेत आणि मुख्य कडा हातानेच कोरावा.

कोरताना कोणता खडक कुठे आहे याचे भान हवे. घाटाचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टचा आहे. त्याचे थर पायऱ्यांसारखे मागे सरकत जातात, थराच्या अंगावर उभ्या भेगा असतात आणि दोन थरांच्या मधल्या मऊ पट्ट्यात माती साचून गवत उगवते. एक मीटर उंचीचा थर मॉडेलमध्ये सव्वापाच सेंटिमीटरचा होतो, म्हणजे भेगा बोटाने मोजता येतील इतक्या मोठ्या दिसतात आणि त्या सुरीच्या टोकाने नुसत्या ओरखडून भागत नाही. प्लास्टर चीजसारखे घट्ट झाले की जुन्या पटाशीने त्याचे ढलपे काढावे लागतात. माथेरानच्या माथ्यावर मात्र जांभ्याचा थर आहे. जांभा बसाल्टसारखा फुटत नाही. त्याच्या अंगावर भोके असतात, कडा गोलसर असतात आणि रंग गंजासारखा लाल असतो. ओल्या प्लास्टरवर ताठ केसांचा ब्रश टोचत राहिले की जांभ्याचे अंग बऱ्यापैकी साधते. लाल कडा आणि काळा कडा एकाच उंचीवर शेजारी शेजारी दाखवणे ही या विषयातली सर्वांत सहज होणारी चूक आहे. खालच्या घाटाचा तुकडा बांधत असाल, तर कडा काळा ठेवावा आणि वरून वाहून आलेल्या लाल मातीचे ओघळ तेवढे दाखवावेत.

रंग देताना आधी सगळ्या प्लास्टरला ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्यावेत, नाहीतर ते तेल टिपकागदासारखे शोषून घेते आणि पिवळे डाग कायमचे बसतात. त्यावर राखाडी रंग द्यायचा, भेगांत पातळ काळी शाई सोडायची आणि सुकल्यावर कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट राखाडी ओढायचा, एवढ्यात खडक जिवंत होतो. शेवटी चकाकी नसलेल्या ॲक्रिलिक वार्निशचा हात द्यावा म्हणजे तेलाचे थेंब पुसून काढता येतात.

मातीसाठी खरी मातीच उत्तम, कारण मोठ्या प्रमाणात रंगवलेला भुसा माती वाटत नाही. पण ती माथेरानहून आणू नये. तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झालेला प्रदेश आहे. घराजवळ जांभा चिरण्याचे काम चालू असेल तिथली पूड किंवा विटांचा चुरा, त्यात थोडी काळी माती मिसळून, बारीक चाळणीने गाळून घ्यावा आणि जुन्या कढईत चांगला भाजावा, म्हणजे त्यातले किडे आणि बुरशी मरतात. विजेच्या गाड्या चालवणारे मातीवरून आधी चुंबक फिरवतात, कारण आपल्या मातीतले लोहकण मोटारीच्या चुंबकाला चिकटतात. वाफेच्या इंजिनाला ती काळजी नाही. शिवाय रुळातून वीज जात नसल्यामुळे ओली माती आणि ओली खडी यांनी शॉर्ट होण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

खडीबाबत मात्र वाफेचे इंजिन फार नाजूक असते. चार सेंटिमीटरची खरी खडी मॉडेलमध्ये दोन मिलिमीटरची होते, म्हणजे चाळलेली जाडसर कच. ती रुळांमध्ये पसरून चांगली दिसते, पण एक सुटा कण उडून चाकांच्या आसाशी किंवा दांड्यांच्या सांध्याशी गेला, की तिथल्या तेलाशी मिसळून त्याची घासणारी लुगदी होते आणि महागडे पितळी भाग महिन्याभरात झिजतात. म्हणून कच पसरल्यावर तिच्यावर जलरोधक गोंदाचे पाणी ठिबकत्या बाटलीने सोडावे, दोन दिवस सुकू द्यावे, मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवून सुटे कण ओढून घ्यावेत आणि हा क्रम पुन्हा एकदा करावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि टाळता येत नाही.

यानंतर ऋतू ठरवायचा. सह्याद्री म्हटला की धबधबे आणि ओला हिरवा रंग डोळ्यांसमोर येतो, पण माथेरानची गाडी घाटातून पावसाळ्यात धावतच नाही. जूनच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत ती बंद ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे धुवाधार पावसातल्या धबधब्याखालून जाणारे वाफेचे इंजिन कितीही देखणे वाटले, तरी ते खोटे आहे. माझ्या मते डिसेंबर हा सर्वांत योग्य महिना. गवत वाळून पिवळे झालेले असते, कड्यांवर पाणी वाहून गेल्याचे काळे ओघळ उरलेले असतात, लाल धूळ रुळाशेजारच्या पानांवर बसू लागलेली असते आणि जांभूळ, अंजनी यांसारखी सदाहरित झाडे गडद हिरवीच असतात.

गवतासाठी काथ्यासारखी वस्तू नाही. बाजारात मिळणारे विजेच्या भाराने उभे राहणारे कृत्रिम गवत बहुधा जास्तीत जास्त १२ मिलिमीटर लांब असते, म्हणजे खऱ्या मापात पाऊण फूट. तेवढे पायवाटेच्या कडेला शोभते. डिसेंबरातले कमरेएवढे गवत दाखवायला पाच सेंटिमीटरचे काथ्याचे झुपके लागतात. काथ्या पाण्यात उकळून मऊ करावा, थोडा पिवळा आणि थोडा तपकिरी रंगवावा, झुपक्याचे बूड गोंदात बुडवून प्लास्टरमध्ये पाडलेल्या भोकात बसवावे आणि सुकल्यावर टोके असमान कापावीत. बांबूच्या बेटासाठी खराट्याचे हीर चालतात. सुकलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून, हिरवी रंगवून रुळावर झुकणाऱ्या वेली करता येतात.

झाडे हा मात्र चिकाटीचा विषय आहे. बारा मीटरचे जांभळाचे झाड या प्रमाणात ६३ सेंटिमीटरचे, म्हणजे कुंडीतल्या खऱ्या रोपट्याएवढे होते. ८७ पट लहान जगात रंगवलेल्या स्पंजचा गोळा झाड म्हणून खपतो, पण इथे पाहणाऱ्याला पान दिसते. दहा सेंटिमीटरचे पान पाच मिलिमीटरचे होते आणि ते नसले की झाड ढगासारखे दिसते. खोडासाठी तारांचा जुडगा पिळून त्यातून फांद्या उलगडत न्याव्यात आणि त्यावर प्लास्टर व गोंदाचा लेप द्यावा, किंवा कुंपणाच्या मेंदीच्या वाळक्या, वेड्यावाकड्या फांद्या वापराव्यात. पानांसाठी वाळलेली पाने मिक्सरमधून काढून, चाळणीने पाच मिलिमीटरच्या आसपासचे तुकडे वेगळे करून, रंगवून, गोंद फवारलेल्या फांद्यांवर भुरभुरावीत. एका झाडाला सहज एक संध्याकाळ जाते. त्यामुळे पुढच्या रांगेत अशी पाच-सहा झाडे नीट करावीत आणि मागे नुसत्या खोडांची दाटी आणि गडद सावली ठेवावी. खऱ्या जंगलाच्या कडेला उभे राहून पाहिले तरी आत तेवढेच दिसते.

या गडद सावलीचा दुसरा उपयोग वाफेसाठी होतो. आपण जिला वाफ म्हणून पाहतो, ती खरे तर वाफ थंड होऊन बनलेल्या पाण्याच्या बारीक थेंबांचे धुके असते; खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर ते थेंब क्षणात विरतात आणि गाडी नुसती फुसफुसत जाताना दिसते. एप्रिलच्या दुपारी बंद सभागृहात प्रयोग ठेवणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. गारव्याच्या सकाळी, किंवा हवा आधीच दमट असताना, तीच गाडी मागे लांब पांढरी शेपटी सोडते. ती शेपटी पांढऱ्या भिंतीसमोर हरवते आणि काळ्या कड्यासमोर उठून दिसते, त्यातही दिवा समोरून न मारता बाजूने किंवा किंचित मागून मारला तर अधिकच. दरीच्या बाजूने पाहण्याचा पहिला निर्णय इथे पुन्हा कामाला येतो.

बांधकामे थोडकीच पुरतात. जुम्मापट्टी किंवा वॉटर पाईप यांसारख्या थांब्याचा भास देणारे छोटे पत्र्याचे छप्पर, एक मोरी, दगडी कठड्याचा तुकडा. जुन्या पद्धतीच्या पन्हळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधले अंतर तीन इंच असते, म्हणजे मॉडेलमध्ये चार मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला सळ्या चिकटवलेल्या दोन फळ्यांमध्ये दाबून तो घरी करता येतो. कौलारू छपराचा विचार करत असाल तर आधी मोजणी करा. मंगलोरी कौले दर चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात, म्हणजे सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद छपराला साडेतीनशेहून अधिक.

या मार्गावर बोगदा एकच आहे, आणि मॉडेलमध्येही एकच असावा, तोही हातभराहून लांब नसावा. धुराड्यातून गरम वायू सरळ वर येतात, म्हणून छताला आतून सिमेंट किंवा ॲल्युमिनियमचा थर हवा. बोगद्यात गाडी घसरली तर ती पेटत्या ज्योतीसकट आत अडकते, त्यामुळे मागची बाजू उघडी ठेवणे हा शोभेचा नव्हे, सुरक्षेचा प्रश्न आहे. गॅसविषयीही तेच. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो; इंजिनात भरताना सांडलेला वायू खाली उतरतो आणि डोंगराच्या पोकळ सांगाड्यात साचू शकतो. म्हणून सांगाडा खालून कापडाने किंवा फळीने पूर्ण बंद करू नये, गॅस भरण्याची जागा देखाव्यापासून दूर, खिडकीजवळ आणि पेटलेल्या इंजिनापासून लांब ठेवावी, आणि बंद खोलीत अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकत असल्यामुळे गाडी चालू असेतोवर हवा खेळती ठेवावी. जवळ अग्निशामक असावा हे सांगायला नको.

रुळाजवळची मोठी झाडे कायमची चिकटवू नयेत. प्लास्टरमध्ये पितळी नळीचे तुकडे बसवून खोडाखालची तार त्यात खुपसली, की झाड उभेही राहते आणि उपटताही येते. दर खेळानंतर ही झाडे काढून बाजूला ठेवावीत, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ ब्रशने कड्याच्या रुळालगतच्या भागावरचे तेल टिपावे आणि मगच सगळ्यावर जुनी चादर पांघरावी. तेल तसेच राहिले तर त्यावर खोलीतली धूळ चिकटते आणि डिसेंबरचा घाट दोन महिन्यांत मे महिन्यातला दिसू लागतो.